चौऱ्याऐंशी बराबर अकराशे पन्नास

१२ डिसेंबर

आज करुणाला गणित शिकवायचं कबूल करून बसलो. काय शिकवलं ते उद्या आठवणार नाही, म्हणून ही वही घातली.

करुणा म्हणजे आमच्या विकासची बायको. आई अंथरुणाला लागली म्हणून तिची शाळा नववीत सुटली. आता अठ्ठाविसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसली आहे. गावातली आशाताई, म्हणजे दवाखान्याच्या कामासाठी घरोघर फिरणारी बाई, लेकाकडे नांदेडला राहायला चालली, तिची जागा पावसाळ्यात भरणार. त्याला दहावी पास पाहिजे आणि गावची सून पाहिजे. सून तर ती आहेच. दहावीचं अडलंय ते गणितापाशी, बाकीचे विषय ती रेटून नेईल. मार्चमध्ये गणित सुटलं नाही तर जागा दुसरीला जाणार, आणि अशी जागा गावात वीस वर्षांतून एकदा निघते.

भागूबाई मला म्हणाली, एवढे आकडे तोंडपाठ करून मिरवता, तर सुनेला शिकवा की. घरधनीण असं बोलली की माणूस अडकतोच.

मी शाळेत फार गेलो नाही. वाचायला शिकलो ते किराणाच्या पुड्या सोडून सोडून. पण आखाडा बाळापूरच्या आठवडी बाजारात एकतीस वर्षं जागाभाड्याच्या पावत्या फाडल्या. शेवटी शेवटी खाली पोतं टाकून बसणाऱ्याला दहा रुपये होते, हातगाडीला वीस. संध्याकाळी ठेकेदार विचारायचा, आज गाड्या किती लागल्या? मी पुस्तक न उघडता सांगायचो. समजा पावत्या फाटल्या चौऱ्याऐंशी आणि पैसे आले अकराशे पन्नास. सगळे खालीच बसले असं धरायचं, म्हणजे आठशे चाळीस यायला पाहिजेत. वरचे तीनशे दहा कुठून आले? एकेका गाडीनं दहा जास्तीचे दिले. म्हणजे गाड्या एकतीस. ठेकेदार म्हणायचा, सोनाजी, तुझ्या डोक्यात मशीन बसवली हाय.

करुणाच्या पुस्तकात असलेच प्रश्न आहेत. इतक्या नोटा, इतके रुपये, कोणत्या किती. हे तर माझ्या घरचं काम.

१५ डिसेंबर

शिकवणी चालू झाली. सून सासऱ्यासमोर बसत नाही. आमच्या घरात तसं कोणी सांगितलेलं नाही, पण बसत नाही. म्हणून करुणा स्वयंपाकघरात चौकटीच्या आड, मी ओसरीत बाजेवर, आणि मधे उंबऱ्यात भागूबाई तूर पाखडायचं सूप घेऊन. मी प्रश्न वाचतो, करुणा पाटीवर करते, पाटी भागूबाईच्या हातून बाहेर येते. भागूबाईला अक्षर येत नाही, पण पाटी उलटी धरत नाही एवढं खरं.

करुणाला काही विचारायचं असलं तर ती सासूला म्हणते, आत्याबाई, मामांना विचारा. मला ते स्पष्ट ऐकू येतं. तरी भागूबाई तेच परत सांगते, मग मी उत्तर देतो, ते करुणाला ऐकू येतं, तरी भागूबाई तेही परत सांगते. एका प्रश्नाला अर्धा घंटा जातो. पण चाललंय.

१९ डिसेंबर

पुस्तकवाले सरळ उत्तर काढू देत नाहीत. आधी ‘x मानू’, ‘y मानू’ असं लिहायला लावतात. हा x कोण, हे काही मला नीट कळेना. दोन दिवस डोकं खाजवलं, मग उलगडा झाला. x म्हणजे दहाची नोट, y म्हणजे विसाची.

आज आपल्या बाजाराचंच उदाहरण घेतलं. प्रत्येकानं एकेक नोट दिली असं धरलं. पाटीवर स्वतः लिहून आत पाठवलं:

x + y = ८४, कारण दोन्ही मिळून चौऱ्याऐंशी नोटा.
x + y = ११५०, कारण दोन्ही मिळून अकराशे पन्नास रुपये.

आत पेन्सिल चालली आणि थांबली. मग करुणा म्हणाली, “आत्याबाई, मामांना विचारा, मग चौऱ्याऐंशी बराबर अकराशे पन्नास होतं का?”

“होतं का हो?” भागूबाईनं विचारलं.

मी समजावून सांगितलं की नोट एकच असते. मोजली तर नग, दुकानात दिली तर रुपये. म्हणून वर नग लिहिले, खाली रुपये. मग पुढचं डोक्यात करायचं आणि उत्तर लिहायचं, एकतीस आणि त्रेपन्न.

आतून “बरं” असं आलं. इतकं सोपं करून सांगितल्यावर पटणारच.

२ जानेवारी

पोरगी कष्टाळू आहे पण हात कच्चा आहे. पाटी यायला वेळ लागतो. आत पेन्सिलीचा आवाज दोनदा येतो. एकदा सगळं लिहिते, मग ओल्या फडक्यानं पुसते, मग परत लिहिते आणि पाठवते. बाहेर येतं ते मात्र अगदी माझ्यासारखं असतं, वर x + y नग, खाली x + y रुपये. मी शाबास म्हणतो.

जेवताना भागूबाई म्हणाली, ती पुसते ते तुमी कधी वाचलंत का? मी म्हणालो, पुसलेलं कसं वाचणार. तिनं भाकरी वाढली. बाईमाणसाला आकड्यातलं काय सांगायचं.

११ जानेवारी

विकास आठ दिवसांनी घरी आला. तो ट्रॅक्टरवर आहे, आता हळदीच्या काढणीची गडबड सुरू होईल. शिकवणी बघून हसला. म्हणाला, बाबा, तुमचं हे टपाल खातं बंद करा आणि तिला सरळ विचारा. मी म्हणालो, जे चाललंय ते बराबर चाललंय. त्यानं बायकोकडे बघितलं. ती चुलीकडे बघत होती.

२४ जानेवारी

उद्या बाळापूरला शितल मॅडमच्या क्लासमध्ये सराव परीक्षा आहे. करुणा आठवड्यातून एकदा तिथं जाते. आज भागूबाईमार्फत विचारणा झाली की नोटांचं उदाहरण आलं तर मामांच्या पद्धतीनं लिहू का पुस्तकाच्या? मी सांगितलं, आपल्या पद्धतीनं लिही. पेपर घरी घेऊन ये, मी बघणार आहे.

मनातून बरं वाटलं. एकतीस वर्षं बाजारात घासलेली गोष्ट कुणाच्या तरी कामी येऊन राहिली.

२७ जानेवारी

चाळीसपैकी नऊ. पास व्हायला चौदा लागतात.

पेपर मी डोळ्याला लावून वाचला. दहाच्या आणि विसाच्या मिळून ४५ नोटा, एकूण ६४० रुपये. करुणानं उत्तर लिहिलं आहे विसाच्या १९, दहाच्या २६. मी दोनदा करून बघितलं, बरोबर आहे. आणि तीनपैकी मार्क एक. लाल पेनानं लिहिलंय, ‘उत्तर बरोबर, समीकरणे चूक’. तसलीच आणखी दोन उदाहरणं, तिथंही तेच.

संध्याकाळी भाकरी थापताना करुणाचे हात नेहमीपेक्षा जोरात चालले होते. मला राग आला आहे. उद्या बाळापूरला जाऊन त्या मॅडमला विचारणार, की बरोबर उत्तराचे मार्क कापायचे असा कुठला न्याय.

२८ जानेवारी

जाऊन आलो. शितल मॅडम म्हणजे करुणाहूनही लहान पोरगी, पण उठून खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पेपर समोर ठेवला आणि म्हणालो, हे उत्तर चूक आहे का ते सांगा.

ती म्हणाली, “काका, उत्तर तुमच्या डोक्यातून आलंय. या समीकरणांतून न्हाई आलं. ही दोन्ही खरी धरली तर पंचेचाळीस बराबर सहाशे चाळीस होतं.”

मी म्हणालो, आमच्या करुणानं पण असंच विचारलं होतं. मॅडमनं विचारलं, कधी? मी म्हणालो, डिसेंबरात. त्यावर तिनं पेपर सरळ केला आणि अगदी हळू, लेकराला सांगावं तसं सांगितलं. x म्हणजे नोट नाही. दहाच्या नोटा किती आहेत, तो आकडा म्हणजे x. एकेका नोटेचे दहा रुपये, म्हणून त्यांचे रुपये 10x. विसाच्यांचे 20y. तेव्हा वर x + y = ४५ आणि खाली 10x + 20y = ६४०. आता कुठं भांडण राहिलं?

येताना काळीपिवळीत बसून सगळ्या रस्त्यानं तेच घोळवत आलो. गाडीत माणसं अकरा. अकरा हा आकडा वेगळा, माणसं वेगळी. आकड्याला भाडं मागता येत नाही, भाडं माणसाचं. एकतीस वर्षं नोटा हातात धरल्या, आता नोट सोडून नुसतं ‘किती’ धरायचं. हाताला सवय नाही. पण मॅडमचं बरोबर आहे. चूक माझी.

२९ जानेवारी

सकाळी करुणा पाण्याला गेली तेव्हा तिची वही चाळली. माझ्याकडून झालेली चूक कुठंकुठं शिरली ते बघावं म्हणून. पुढून माझी पद्धत. मागून उघडली तर शेवटच्या पानांवर तीच उदाहरणं परत, आणि सगळी मॅडमसारखी. 10x + 20y. 50x + 100y. एकही खोड नाही. त्यांतल्या पहिल्या पानावर तारीख होती, १९ डिसेंबर.

वही होती तिथं ठेवली. भागूबाईला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, “पहिल्याच दिवशी तिला कळलं. मला म्हणाली, आत्याबाई, बोलू नका, मामांना वाईट वाटंल.”

“मग तू काहून सांगितलं नाहीस?”

“आकड्यात तुमी माझं ऐकता का?”



नऊ मार्क का पडले ते आता कळलं. पेपर मी बघणार म्हणालो होतो ना. माझा मान राखायला तिनं हातातले मार्क सोडून दिले. बोर्डाच्या पेपरात किती सोडील? तिथं एकेक मार्क म्हणजे तिची ती जागा आहे.

३१ जानेवारी

आज शिकवणीला बसल्याबरोबर सांगून टाकलं. माझी पद्धत चुकीची होती, यापुढं मॅडमच्या पद्धतीनं करायचं, माझं ऐकायचं नाही.

आतून उत्तर आलं, “तसं न्हाई आत्याबाई, मामांची पण बरोबर हाय.”

मी म्हणालो, तिला सांग, बरोबर नाही. तर ती म्हणाली, बरं, मामा म्हणतात तसं. आता ही माझं ऐकून राहिली का न ऐकून राहिली, हेच मला ठरवता येईना.

४ फेब्रुवारी

नवीनच तकलीफ. आता पाटीच्या एका बाजूला मॅडमची पद्धत येते आणि दुसऱ्या बाजूला माझी. मला बरं वाटावं म्हणून दोन्ही करते. पेपरला दोन तास असतात, असं केलं तर निम्मा पेपर कोराच राहील. रागवावं तर ती आणखी गप्प बसेल. प्रेमानं सांगावं तर बरं म्हणेल. तिचं ‘बरं’ आता मला काट्यासारखं टोचतं.

९ फेब्रुवारी

ऐन शिकवणीच्या वेळी भागूबाईचा गुडघा धरला. उंबऱ्यातून उठली आणि म्हणाली, मला मांडी घालवत नाही, मी जिवनबाईकडं जाऊन पाय लांब करून बसते. जिवनबाईचं घर तीन घरं सोडून आहे. तिथं पाय लांब होतात आणि इथं होत नाहीत, हे काही मला समजलं नाही. पण गेली. उंबरा मोकळा.

मी म्हणालो, असू दे, मी प्रश्न वाचतो, तू आत कर. प्रश्न असा होता. एका डब्यात दोन रुपयांची आणि पाच रुपयांची नाणी आहेत. पाचची नाणी ही दोनच्या नाण्यांच्या दुपटीपेक्षा तीननं जास्त. एकूण एकशे अकरा रुपये. कोणती किती?

मी सवयीनं सगळी दोनची धरायला गेलो, तर एकूण नाणी किती ते दिलेलंच नाही. परत वाचलं. नाहीच. बाजारात कधी असं झालं नाही, पावत्यांचा आकडा हातात असायचाच. पंधरावीस मिनिटं बसलो, दहा नाणी धरून बघितली, बारा धरून बघितली, काही जमेना. शेवटी मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, छापताना राहून गेलंय, हा प्रश्नच चुकीचा आहे. बोर्डात असला आला तर सोडून दे, हातही लावू नको.

आतून बांगड्या वाजल्या.

“प्रश्न बरोबर हाय, मामा,” करुणा म्हणाली. “तुमचं चुकून राहिलं.”

मधे कोणी नव्हतं. हे सरळ मलाच होतं. मी काही बोलायच्या आत ती पदर सावरत उंबरा ओलांडून बाहेर आली, बाजेजवळ खाली जरा तिरकी बसली, आणि माझ्या मांडीवरची पाटी ओढून घेतली.

“दोनची नाणी किती, तो x. आकडा बरं का, नाणं न्हाई. मग पाचची झाली 2x + 3. दोनच्यांचे रुपये 2x. पाचच्यांचे पाच गुणिले कंस.” पेन्सिल कर्रकर्र चालली होती. “बारा एक्स अधिक पंधरा बराबर एकशे अकरा. बारा एक्स म्हंजे शहाण्णव. x आठ. दोनची आठ, पाचची एकोणीस. सोळा आणि पंच्याण्णव, एकशे अकरा.”

मी बोटांवर ताळा केला. एकशे अकरा.

एवढं झाल्यावर आपण कुठं बसलो ते तिच्या ध्यानात आलं आणि ती उठायला लागली. मी म्हणालो, बस, पुढचं मी करतो, तू चुका काढ. ती बसली. पुढच्यात तिनं माझ्या दोन काढल्या. दुसरी काढताना तर आवाजही वाढला होता.

दिवेलागणीला भागूबाई आली. गुडघा उतरला म्हणाली.

१० फेब्रुवारी

सकाळी भागूबाईनं हातपंपावरून दोन हंडे आणले, एक डोक्यावर, एक कमरेवर. गुडघ्याचं काही खरं नसतं, कधी धरतो, कधी सोडतो.

१७ फेब्रुवारी

गुडघा रोज शिकवणीच्या वेळेलाच धरतो. चार वाजले की ही निघालीच जिवनबाईकडे. परीक्षा झाली की हिंगोलीला दाखवून आणायला पाहिजे. ऐन कामाच्या वेळी मधे माणूस नसल्यामुळे करुणाला बिचारीला रोज बाहेर येऊन बसावं लागतं.

पाटीवर आता एकच पद्धत असते. माझी डोक्यातली रीत ती ताळ्यापुरती वापरते. तेवढ्याला मात्र ती झकास आहे असं तिनं स्वतः सांगितलं.

५ मार्च

बीजगणिताचा पेपर झाला. मी आणि करुणा काळीपिवळीनं बाळापूरला गेलो. आत बसलेली सगळी पोरं पंधरा-सोळा वर्षांची, त्यांत ही एक. फाटकाशी एका पोरानं तिला मॅडम समजून नमस्कार केला. तिनंही केला.

दोन तास मी समोरच्या रसवंतीवर बसून होतो. दोन ग्लास रस घेतला, दुसरा नुसता जागा राखायला. सुटल्यावर ती गर्दीतून येताना दिसली, तर चेहऱ्यावरून काही कळेना. मी विचारलं, नोटांचं आलं होतं का?

“नोटा आल्याच न्हाईत, मामा. नाणीबी न्हाईत.”

तीन महिने आम्ही दुसरं केलं काय होतं. ती म्हणाली, वयाचं आलं होतं, बापलेकाचं. मी विचारलं, मग?

“बापाचं वय x धरलं,” ती म्हणाली. “बाप न्हाई धरला.”

आणि तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. तीही थांबेना, मीही थांबेना. रसवंतीवाला विचारत होता, काय झालं, पेपर फुटला का काय.

१३ मे

निकाल लागला. विकासनं मोबाइलवर बघितला. तो बराच वेळ बोट फिरवत होता, करुणा तोवर चार वेळा आतबाहेर करून आली. गणितात एक्केचाळीस. बाकी सगळे सुटले. पास.

करुणा एकदम आत गेली. भागूबाई तिच्या मागं गेली आणि दार लोटून घेतलं. मी आणि विकास ओसरीत एकमेकांकडे बघत बसलो. नंतर तो म्हणाला, बाबा, पेढे आणतो. मी त्याला पैसे दिले. किती दिले ते मोजले नाहीत.

१८ ऑगस्ट

ग्रामसभेत आशाताईच्या जागेला करुणाचं नाव पुढं आलं, हात वर झाले, मग वरून कागदही आला. प्रशिक्षण करून आली. आजपासून घरोघरची माहिती भरायची आहे. सुरुवात आपल्याच घरापासून करते म्हणाली.

खुर्ची आणून ओसरीत माझ्यासमोर मांडली आणि बसली. मांडीवर रजिस्टर. नाव विचारलं. मी म्हणालो, तुला माहीत नाही का. ती म्हणाली, विचारून लिहावं लागतं. मी सांगितलं, सोनाजी.

“वय?”

“बासष्ट.”

“मामा, चुकलं. आधारवर सहासष्ट हाय.” आणि सहासष्ट लिहिलं.

“शिक्षण?”

तिसरी, मी म्हणालो. तिचं पेन थांबलं. ती माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, आता ही मला बरं वाटावं म्हणून काही वाढवून लिहिते की काय. तिनं तिसरीच लिहिलं. मी वाकून बघितलं. जे होतं ते, सरळ रेषेत.

मग पुढच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, तंबाखू खाता का?

“न्हाई,” मी म्हणालो.

“मामा, चुकलं.” तिनं वर न बघता नुसता हात पुढं केला.

मी बंडीच्या खिशातली पुडी काढून तिच्या हातावर ठेवली.